मी येतो

रविवारी सकाळी साडेनऊला मी
जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसते.
सगळ्या घरात रेंज काय ती इथंच,
आणि टाकी भरल्याचा आवाजही इथंच आधी कळतो.

मांडीवर लॅपटॉप. कानात पुण्याचे सर.
आज इन्व्हेंटरी. म्हणजे माल किती साठवायचा,
किती दिवस, कुणाच्या खर्चानं.
हे मला येतं की.
शिरोलीच्या फाउंड्रीत चौदा वर्षं डिस्पॅच बघते मी,
कास्टिंग निवायच्या आत ट्रक दारात उभा असतो.
पण येत होतं ते तक्त्यात मांडता येत नव्हतं,
आणि मॅनेजरची खुर्ची दोनदा
तक्ते मांडणाऱ्या पोरांना गेली.
म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी हा एमबीए,
फीचे सहा हप्ते, त्यातले दोन
धैर्यशीलच्या नव्या लेथसाठी ठेवलेले.

तो त्याबद्दल बोलत नाही.
उद्यमनगरात जुन्याच लेथवर रात्री आठपर्यंत बुश काढतो,
घरी येऊन हातावरचं ग्रीस भुशानं घासताना
एवढंच विचारतो, "झालं व्हय असाइनमेंट?"
त्याचं न बोलणं कुठल्या रकान्यात टाकायचं
हे अजून शिकवलेलं नाही.

वर्गात मी 'करते', 'जाते', 'सांगते'.
गल्लीत, घरात, सख्ख्या बहिणीशी
'करतो', 'जातो', 'सांगतो'.
आई तशीच बोलायची, तिची आईही,
कोल्हापुरात कुणाला त्यात वावगं दिसत नाही.
पण पुण्या-नागपूरची साठ माणसं चौकटीतून बघत असली की
जीभ सांभाळावी लागते,
दुधाचं भरलं पातेलं उतरवताना सांभाळतात तशी.
हे लिहितानाही वर 'बसते' लिहिलंय बघा.

तर आज सादरीकरण माझं होतं.
चौथ्या स्लाइडला वरून धो धो आवाज.
टाकी वाहून पाणी थेट शेजारच्या अक्काताईंच्या
पत्र्यावर वाळत घातलेल्या सांडग्यांवर.
माइक चालूच, आणि मी ओरडले,
"मनवा, मोटर बंद कर गं! ऱ्हाऊ दे, मीच येतो!"

साठ चौकटी गप्प.
सरांनी विचारलं, "कोण येतंय, मॅडम?"
"मीच, सर. दोन मिनिटं."
आणि गेले.

परत आले तर पायरीवर मनवा,
लॅपटॉप तिच्या मांडीवर, चौथी स्लाइड तशीच,
तोंडाला रुमाल, मुठीत दात.
कधी पडला?
"मगाशी. तू दुसऱ्या स्लाइडवर होतीस.
माइकवर लाल दांडी नव्हती,
म्हणून बोललो न्हाई."

दात कॅल्क्युलेटरच्या कव्हरात ठेवला.
तिला खालच्या पायरीवर सरकवलं, गुडघ्याला टेकून.
जिन्यावर माझीच ओली पावलं
अजून वाळायची होती.

"तर," मी म्हणालो,
"सेफ्टी स्टॉक म्हणजे..."