तोलार

माझा निकाह काझीनं पढवला नाही.
काझीसाहेब कोल्हापूरला लेकीकडं गेलेले, येताना
कोगनोळीच्या नाक्यावर अडलेल्या एसटीत बसून होते.
एक नोव्हेंबर. तारीख धरताना कुणाच्या ध्यानातच नाही.
निपाणीत एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे,
दुसऱ्यावर काळ्या फिती,
आणि आमच्या मांडवात बिर्याणीला दम बसलेला.

नवऱ्याचा बाप पानाचा डबा मिटून म्हणाला,
काझीशिवाय कसला निकाह? उद्या बघू.

कोपऱ्यातनं आंधळे हाफिज खाकरले.
"काझी लागतोच, हे कुणी सांगितलं रे?
पोरीची मर्जी लागते. पोराची लागते.
ऐकणारे दोन साक्षी, बोललेला मेहर.
वली म्हणून भाऊ बसलाय की समोर.
खुतबा ज्याला येतो, त्यानं वाचावा.
माझा तर घसा बसलाय."

राजेसाब पटवेगार उठले. वखारीतले तोलार.
बाहीत अजून तंबाखूची भुकटी,
ते पुढं आले तशा दोघातिघांना शिंका आल्या.
तीस वर्षांत त्यांच्या काट्यावर
ना शेटजीचं बोट पडलं, ना शेतकऱ्याचं.
आकडा मोठ्यानं सांगायचा, देणाऱ्याला ऐकू जाईल,
घेणाऱ्यालाही. मगच पोतं हलायचं.

पडद्याशी येऊन त्यांनी माझं नाव घेतलं,
मग अब्बाचं. अब्बा गेल्यापासून
ते नाव इतकं सावकाश कुणी घेतलं नव्हतं.
मेहर अकरा हजार, निम्मा रोख.
"कबूल है?"
मी म्हणाले, कबूल.
आणि सवयीनं त्यांच्या तोंडातनं निघालं,
"बरकत."

वखारीत एक म्हणत नाहीत.
पहिल्या वजनाला बरकत, मग दोन, मग तीन.
पडद्याच्या दोन्ही बाजूंना हशा.
मी हसत हसत दोन म्हणाले, तीन म्हणाले.

दिवस कलताना काझीसाहेब पोचले,
चपला हातात, बगलेत वही.
"कुणी पढवला?"
राजेसाब चोरासारखे उभे.
काझीसाहेबांनी तांब्याभर पाणी प्यायलं, टोपी नीट केली.
"झालाय की निकाह. मी लिहून घेतो नुसता.
आणि मला वाढा कुणीतरी."

पुढं चिक्कोडीच्या कचेरीत
कारकुनानं त्या रकान्यावर बोट ठेवलं,
कन्नडमध्ये विचारलं, हा कोण?
मला धड सांगता येईना.
तक्कडी, एवढाच शब्द आठवला.
मी दोन्ही तळवे
हवेत सारखे धरले.