वळचणीचं कौल

ल्यान देशुननं आधी बरणी पुसली,
मग हात, मग कौल.
"घ्या," म्हणाला, "चौतीस वर्षं कोबी दाबून बसलाय हा ड्रॅगन.
वासाला नावं ठेवू नका."

मी मोजपट्टी काढली.
नळी तुटलेली, गोल तोंड तेवढं उरलेलं.
नख्या पाच. एक उडालीय, म्हणजे चारच,
पण लिहायच्या पाच.
पाचवी नखी सम्राटाची.
पिवळी झिलई अर्धी शाबूत, अर्धी मिठानं खाल्लेली.
नाकाचा शेंडा गुळगुळीत:
रोज कुणीतरी तिथेच धरून उचलायचं.

वर डोंगराच्या कुशीत राजे निजलेत.
आम्हाला आभाळानं कौल दिलाय,
असं ते स्वतःच सांगत.
आभाळ त्यावर कधी काही बोललं नाही.
ते नळीच्या कौलांवर पडत राहिलं,
आधी बर्फ होऊन, मग पाणी होऊन,
आणि कौलं मुकाट्यानं
ते वळचणीबाहेर नेऊन सोडत राहिली.

देशुनचे पूर्वज थडग्याचे राखणदार.
राजवट गेली, पगार थांबला,
राखण तेवढी आडनावासारखी मागे राहिली.
एका वादळी रात्री छपराची कड कोसळली.
सकाळी कुणी काय उचललं ते गाव अजून हसत सांगतं:
तुळया डुकरांच्या गोठ्याला, फरशा न्हाणीला,
आणि देशुनच्या आईनं हे एकच,
"बरणीच्या तोंडाएवढं नेमकं" म्हणून.

मी कौल उलटं केलं.
मागे झिलई पोचत नाही. मागे नुसती माती,
ओल्या वाळूच्या रंगाची,
आणि तोंड नळीला जोडलंय तिथे
चिखल दाबणारा अंगठा.
मी माझा ठेवून पाहिला.
मावेना.
देशुननं त्याचा जाडजूड अंगठा नुसता शेजारी धरला.
"सात-आठ वर्षांचं असेल पोर," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"थंडीतलं काम. सांधा बघा.
गारठलेल्या बोटांनी नीट दाबलं जात नाही."

नोंदवहीत 'कारागीर' असा रकाना आहे.
तिथे आम्ही 'अज्ञात' लिहितो. मीही लिहिलं.
शेजारी पेन्सिलनं, खोडता येईल असं: लहान.

पावती घेताना त्यानं किंमत विचारली नाही.
वजन विचारलं.
"अडीच किलो," मी म्हणाले.
तो अंगणात गेला, दोन विटा हातात तोलल्या,
एक टाकली,
एक धुतली.

हिवाळ्यात त्याचा फोन आला.
कोबी यंदा जमला नाही, म्हणाला,
विटेला मधोमध बसता येत नाही.
मागे कोंबडा ओरडत होता.
मी सांगितलं, कौल आता काचेत आहे, दिव्याखाली,
अगदी कोरडं.

"कोरडं," तो म्हणाला.
"मग करतंय काय ते?"