दारावरचा आकडा

लोक सांगतात, थर्मन स्पेनहावर रात्रीची गावठी दारू वाहायचा,
म्हणून वळणं शिकला.
सांगू देत. तिकिटं खपतात त्यावर.
ती अंडी होती.
रोज पहाटे चाळीस ट्रे, ब्रशी डोंगराच्या घाटातून खाली,
फुटेल ते पगारातून वजा.
त्याचे टायर कधी किंचाळले नाहीत, ते त्यामुळे.

गाडीला आकडा हवा, म्हणाले.
अंड्यांच्या ट्रकवर होता तोच दिला: अडुसष्ट.
मी सतरा वर्षांची. वडील पाट्या रंगवत,
त्यांचा हात कापायला लागला, म्हणून ब्रश माझ्याकडे.
सहा आणि आठ, पोटं एका श्वासात काढावी लागतात.
श्वास सुटला
की आठ जेवून बसल्यासारखा दिसतो.

पहिली वर्षं लाल मातीची.
शर्यत संपली की त्याचे फक्त दात ओळखू यायचे.
नोला फेऱ्या मोजायची, मांडीवर पोर, तोंडात पेन्सिल;
एकदा पंचांशी भांडून तिनं नवऱ्याला
पाचव्यावरून तिसरा केला.
साठ डॉलर वाढले.
वॉशिंग मशीन आलं नाही, कार्ब्युरेटर आला.

इंजिन एझेल मॅकाडूचं.
त्याला पुढच्या फाटकातून सोडत नसत.
बॉनेटला कान लावून तो म्हणायचा,
‘चार नंबर खोटं बोलतोय.’
आणि चार नंबर खोटंच बोलत असायचा.
छप्पन साली मी दारावर त्याचं नाव काढलं, बारीक.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाला, ‘पूस. हे वाचलं तर ते इंजिन उघडतील,
आणि दोष सापडेपर्यंत बंद करणार नाहीत.’
मी पुसलं नाही.
त्यावरून सहाचं पोट ओढलं.

ते दार त्याच उन्हाळ्यात भिंतीला घासून चेपलं,
गॅरेजवर पाटी म्हणून लटकलं,
आणि दर फेब्रुवारीत मी त्यावर नवा रंग चढवत गेले:
कोंबड्यांच्या खाद्याचा पिवळा,
मोटर ऑइलचा हिरवा,
सिगारेटवाल्यांचा लाल,
ज्यांनी आम्हाला पहिल्यांदा टेबलक्लॉथवर जेवू घातलं.

चौऱ्याहत्तरचा निळा कुणाचाच नाही.
त्या वर्षी धाकटा कीथ जॉर्जियात
चौथ्या वळणावरून परत आला नाही.
निळा म्हणजे नोलाच्या स्वयंपाकघरातला उरलेला डबा.
पुढच्या रविवारी थर्मन स्वतः बसला, एकावन्न वर्षांचा.
अकरावा आला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोप्या काढल्या.

मग थोरला ड्वाइट, हवेचा बोगदा, कंप्युटर,
सत्तर माणसं, एकसारखे शर्ट,
साबणाचा केशरी, सावकारी कंपनीचा जांभळा,
चार विजय, त्यातला एक पावसानं दिलेला.
घाण्याच्या बैलाला निदान तेल दिसतं.
आम्ही डावीकडे वळत राहिलो.
आकडा आता छापून यायचा, एका दुपारी चिकटवायचे.
मला तेवढं दार उरलं.

लिलावात एकानं आमची शर्यतीत उतरायची परवानगी घेतली.
नुसती परवानगी. आकडा नको म्हणाला.
दार मला, चाळीस डॉलरला.

आता चौऱ्याऐंशी मी. पोर्चवर बसते,
भांडंभर पाणी, सँडपेपर.
जांभळा उतरला. केशरी दोन महिने पुरला.
निळ्याशी हात थांबलाय.

गुरुवारी एझेलची नात येणार आहे, शाळेत गणित शिकवते.
सहाचं पोट कुठं होतं,
हे माझ्या मनगटाला अजून ठाऊक आहे;
अंड्याएवढी जागा खरवडली तरी पुरेल.
पण पूस म्हणाला होता तो,
आणि वर नोलाचा निळा.
तिलाच विचारेन.
सँडपेपर नवा आणून ठेवलाय, अगदी बारीक.