दोन किलो

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय :
दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, तीन महिने.
लिहिणाऱ्या पोरीला काय ठाऊक,
दोन किलो म्हणजे काय हे ती कुणाला सांगतेय.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात.
वाशीच्या मार्केटात मी शिरलो
की गाळ्यागाळ्यातून खाकरण्याचा आवाज पुढे सरकत जायचा.
पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक,
आतून कोरून शिसं काढलेली वजनं,
चिंचेचा गोळा,
बोटं घालून काढलंय सगळं.

आता नेरूळ ते जुईनगर, रिक्षात,
उशी छातीशी कवटाळून
मी गतिरोधक मोजतोय.
अकरा. त्यातला एक बेकायदेशीर.
कुंदा दर वेळी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावते,
आणि तो बिचारा शेवटी इंजिनच बंद करून
उतारावरून नुसती गाडी सोडतो.

छातीचं हाड सहा तारांनी आवळलंय.
डाव्या पोटरीतली शीर आता वर कामाला आहे.
काळीज थांबवलं होतं चौऱ्याण्णव मिनिटं,
असं डॉक्टर म्हणाले, चहाची वेळ सांगावी तसं.
मी विचारलं, वजन किती असतं हो त्याचं?
तीनशे ग्रॅम, थोडं इकडेतिकडे.
इकडेतिकडे म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई मुकादम.
तिसऱ्या दिवशी, नळ्या निघाल्यावर,
माझ्याकडे बराच वेळ बघत म्हणाले,
“अठ्ठ्याण्णव साली माझा काटा जप्त केलेला, ते तुम्हीच ना?”
मी म्हटलं, “किलोमागे चाळीस ग्रॅम.”
“पस्तीस,” ते म्हणाले.
आणि आम्हाला हसू आलं.
हसणं किती आतून येतं ते तेव्हा कळलं,
एकेक तार वाजते.
दोघंही उशा आवळून, डोळ्यांतून पाणी,
सिस्टर लिजी धावत आली,
तिला वाटलं, दोघांचंही काहीतरी सुटलं.

रात्री ते तीन चेंडूंच्या डबीतून श्वास ओढायचे.
दोन वर जायचे. तिसरा नुसता हलायचा.
“हा तिसरा भरीव आहे, बघ तपासून,” म्हणायचे.

गुरुवारी पहाटे कुणीतरी पडदा ओढला.
चाकांचा आवाज. मग फिनेलचा वास.
उशी तेवढी राहिली खुर्चीत,
मधोमध दबलेली.

घरी येणारे म्हणतात, पुनर्जन्म झाला.
मला तर दूध उतू गेलं तरी रडू येतं.
कुशीवर वळता येत नाही.
शिंक आली की देव आठवतात, तेही चुकीच्या क्रमाने.
रात्री उताणा पडून ऐकतो :
आत कुणीतरी, परवाना नसलेलं,
उजाडेपर्यंत मापं टाकत बसलेलं असतं.

नवव्या आठवड्यात मार्केटला गेलो.
कुंदा म्हणाली, कशाला. मी म्हटलं, चिकू.
गाळ्यावर रशीदभाईंचा मुलगा,
बापासारखेच कान.
मी ओळख सांगितली नाही.
सवयीने वाकलो, पारड्याखाली बघायला,
छातीने अर्ध्यात अडवलं.
“दोन किलो,” म्हटलं, “काटेकोर.”
त्याने तोलले. आकडा बरोबर दोनवर थांबला.
मग त्याची नजर माझ्या वरच्या उघड्या बटणाकडे गेली,
तिथून खाली जाणाऱ्या रेघेकडे.
बोलला काही नाही.
टोपलीतला एक चिकू उचलून वरून घातला.
मोठा होता.

शंभर ग्रॅम. एकशेदहा असेल.
मी हरकत घेतली नाही.
पिशवी उजव्या हातात, मग डाव्या,
सानपाड्याच्या पुलापर्यंत तरी
मीच नेली.