सात आणि बारा

शनिवारी दुरुस्तीसाठी गेलेली लाइट साडेचारला आली.
कपाटावरचा काळा डबा घुरघुरला,
निळा दिवा लागला,
आणि लॅपटॉप म्हणाला:
नेटवर्क मार्ग सापडला नाही.

मार्ग म्हणजे जेमतेम सात पावलं.
मधे एक टीपॉय, आणि ह्यांचे पाय.

आधी बंद करून चालू केलं.
एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, ह्यांनाही.
मग वायर काढून फुंकर मारली,
कॅसेटच्या काळातली सवय, उपयोग शून्य.
मग दुसऱ्या भोकात. मग परत पहिल्याच, जोर लावून.
वायरीची खिटी मोडलेली; रबरबँड बांधला.
दिवा आपला लुकलुकतोय,
मी इथेच आहे बाई,
तूच कुठे गेलीस?

तिकडे गांगुर्डे सर फोनवर अडून:
सतराच्या जानेवारीत, चापडगावच्या मनोऱ्यावरून,
चक्रवाक चोवीस.
मी म्हणते बेचाळीस.
तेहेतीस वर्षं नाशिकरोडला नोटप्रेसमधे
आकडेच तपासले मी.
एखादा आठ पोटात जरा फुगला
तरी अख्खा कागद बाजूला काढलाय.
मला चोवीस-बेचाळीस शिकवू नका.
पण पुरावा डब्यात,
अकरा हिवाळ्यांची पाखरं डब्यात,
आणि डब्याचा मार्ग सापडत नाही.

पिंग केलं.
म्हणजे अंधाऱ्या विहिरीत खडा टाकायचा
आणि कान द्यायचा.
चार खडे टाकले.
चारही वेळा: विनंतीची वेळ संपली.

सातपूरहून मोइन आला तेव्हा साडेसहा.
हेल्मेट काखेत. डब्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
राउटरचं पान उघडलं, बोट फिरवलं.
'मावशी, डब्याला काय धाड भरलीय?
लाइट गेली, आली, राउटरने सगळ्यांना नवे नंबर वाटले.
हा सात होता, बारा झालाय.
तुमचा लॅपटॉप अजून सातचं दार वाजवतोय.'
'मग सातमधे कोण राहतं?'
'साहेबांचा मोबाइल.'
'मग उत्तर का देत नव्हता?'
'झोपलाय.'

ह्यांनी पाय आखडून घेतले.
दोन तास मी ह्यांच्या खिशात चक्रवाक शोधत होते.

बाराचं दार वाजवलं. आतून आवाज आला, पण दार उघडेना.
मोइन म्हणाला, डबा जुना आहे, जुन्या बोलीत बोलतो.
लॅपटॉपला अपडेट आलाय,
तो त्या बोलीला ओळख दाखवत नाही.
'कळते, पण ओळख दाखवत नाही?'
'सेफ्टी, मावशी.'

असू दे. माझी भाची सटाण्याहून कॉलेज रोडला आली.
आई फोनवर अहिराणीत विचारते,
ही मराठीत उत्तर देते,
तेही दार लोटून घेऊन.
कळतं सगळं.

मोइनने कुठल्याशा चौकटीत खूण केली: तात्पुरती.
बारा नंबर कायमचा डब्याच्या नावे केला.
मी कागदी पट्टीवर तो लिहून डब्यावर चिकटवला.
प्रेसची शिस्त, आकडा डोक्यात ठेवायचा नाही.

मग उघडलं.
हिवाळ्यामागून हिवाळे, पिवळ्या फोल्डरांत.
पंधरा जानेवारी, सकाळी सहा पन्नास.
हळदीकुंकू बदक एकतीस.
थापट्या एकशे दहा.
चक्रवाक,
आणि पुढच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात:
धुकं. आवाज येत होते. मोजले नाहीत.

मोइन बशीत चहा ओततोय.
हे विचारतायत, किती निघाले?
फोन वाजतोय, गांगुर्डे सर.
मी पान अजून थोडं मोठं करून बघते.