चेंबर

ठिबकणं मार्चमध्ये सुरू झालं.
आधी रुपयाएवढा डाग, मग भाकरीएवढा.
पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतलेली ही अँबॅसडर
खात्यात असताना कुठं पाणी पोचवू शकली नाही,
आता सेलूत माझ्या अंगणात
रोज पावशेर ऑइल मुरवते.

जॅक लावला तर काळ्या मातीनं जॅकच गिळला.
मग खाली शहाबादी फरशी, फरशीखाली पोतं,
दोन्हीकडं विटांची थप्पी.
जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं,
नागोराव फिटर सांगायचा,
डावा तीनबोटी पंजा दाखवून.

गाडी वर आली वीतभर.
छाती आत जाते, श्वास भरला की जात नाही.
म्हणून तो सोडून सरकायचं,
आत गेल्यावर थोडा थोडा घ्यायचा.

एप्रिलची दुपार. गल्लीत सावली उरलेली
ती एवढीच, गाडीखालची,
तिच्यात एक कुत्रं आधीच झोपलेलं.
त्यानं एक डोळा उघडला,
शेपटी तेवढी आवरून घेतली.

पाना लागतो चार सुती. माझ्याकडं तेरा नंबर.
केसभर सैल. ती फट
हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं भरायची,
एका हातानं पाना, दुसऱ्यानं तुकडा,
नाकावर आलेला थेंब तसाच येऊ द्यायचा.
पाना फिरायला जागा किती,
तर घड्याळातल्या पाच मिनिटांएवढी.
फिरव, काढ, बसव. फिरव, काढ, बसव.

बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
धाकटीनं चेंबरची आकृती काढून सोळा भोकं पाडलीत.
जो बोल्ट जिथला, तिथंच खोचते.
"पप्पा, नऊ झाले."
"पप्पा, कुत्र्याला पाणी देऊ का?"

पंधरावर गाडं अडलं.
सोळावा पार मागं, क्रॉसमेंबरच्या वरच्या अंगाला,
जिथं डोळा पोचत नाही आणि मनगट जेमतेम.
बोटानं चाचपला. डोकं गोल.
पाना बसतो, फिरतो, निसटतो.
"हेड खा गया किसी ने," बाहेरून मुस्तकीमभाई.
मोटार वाइंडिंगचं दुकान उघडं टाकून
ते बशीतला चहा ओढत उकिडवे बसलेत.
"हल्लू, हल्लू. छन्नी मत मारो."

तासभर मी त्या डोक्याशी बोललो.
रॉकेल पाजलं. शिव्या दिल्या, मग मिनतवाऱ्या केल्या.
खात्याच्या सगळ्या मेकॅनिकांचा उद्धार केला,
आंधळ्यावानी आवळून ठेवणारे,
पगाराच्या दिवशीच जागे असणारे,
त्यांच्या सात पिढ्यांचं मला काही माहीत नाही,
तरी त्यांनाही सोडलं नाही.

शेवटी इंजिनचं फाउंडेशन ढिलं केलं,
लाकडी ठोकळा देऊन इंजिन बोटभर उचललं.
मुस्तकीमभाईंनी पुढून हँडल घातलं,
क्रँक अर्धा फेरा फिरवला.
आत कुठंतरी काहीतरी बाजूला झालं
आणि चेंबर आपणहून
माझ्या छातीवर येऊन बसलं,
सोळावा न सोडताच.

उजेडात आणून पाहिलं.
तिथं बोल्ट नव्हताच.
बाभळीची खुंटी होती, चाकूनं तासलेली,
सुतळीचे तीन वेढे दिलेली,
ऑइल पिऊन शिसवीसारखी काळी.
कुठल्या कालव्याच्या कडेला,
मागच्या सीटवर साहेब घोरत असताना
कुणी बांधावर चढून फांदी शोधली असेल,
बॅटरी दातात धरून तासली असेल.
ठिबकत होतं ते चौथ्या बोल्टापाशी.
खुंटीची कड कोरडी.

धाकटीनं पुठ्ठ्यावरचं सोळावं भोक
पेन्सिलीनं मोठं केलं, खुंटी खोचली.
"ही किती नंबरची?"
मुस्तकीमभाईंनी बशी खाली ठेवली,
खुंटी हातात घेतली, वास घेतला,
काही न बोलता परत जागेवर लावली.

तसला बोल्ट मोंढ्याजवळ सात रुपयांना मिळतो.
एक आणलाय, खिशात आहे.
संध्याकाळी चेंबर चढवताना
हात तिथवर गेला की बघू.