पत्त्याचा रकाना

केसपेपरवर अगदी वरच असतो तो.
नाव, वय, लिंग, मग पत्ता.
इंटर्न घाईत नुसतं 'गोवंडी' लिहून पुढं सरकायचे.
मीही कित्येक वर्षं त्याच्या खालूनच वाचत आले:
खोकला किती दिवस,
ताप संध्याकाळी चढतो का,
थुंकीत रक्त.

अफरोज आली तेव्हा एकोणीस वर्षांची, वजन बत्तीस.
जरीच्या सुईनं बोटांची टोकं खरबरीत झालेली.
मनगट धरलं की माझी बोटं
एकमेकांना भेटून वर उरायची.
सात महिन्यांनी तिचा भाऊ आला. मग भावजय.
सिस्टर घोन्साल्विस गोळ्यांच्या वाट्या मांडत म्हणाल्या,
"डॉक्टर, ही बिल्डिंगच ॲडमिट करून घ्या ना एकदाची."

हसले मी.
रात्री मात्र रेकॉर्डरूमची किल्ली मागून घेतली
आणि जुन्या कागदांवरचा तेवढा एकच रकाना वाचत बसले.
इमारत अकरा. इमारत अकरा.
इमारत बारा, तळमजला.
इमारत अकरा.

म्हणजे आम्ही माणूस बरा करत होतो
आणि जिथं तो आजारी पडला
त्याच दहा बाय बाराच्या खोलीत परत धाडत होतो,
वर बजावत होतो, हवा खेळती ठेवा हं.

अफरोजच्या वेळी मी घड्याळात बघितलं
आणि म्हणाले, चार वाजून दहा मिनिटं.
सिस्टरनी लिहून घेतलं.

त्याच वर्षी अर्ज केला.
आमचे प्रमुख म्हणाले, हात चांगला आहे तुझा,
कागदांत कशाला घालवतेस.
आई म्हणाली, म्हणजे तू पेशंट बघणार नाहीस आता?
मग विचारलं कुणी, तर सांगू काय?

आता माझ्याकडे हिरवी शाई आहे.
पाहिले. चर्चा करावी. फेरसादर.
इथं कुणी गेलं तर वेळ सांगावी लागत नाही,
तिमाही अहवालात दशांशचिन्हापुढचा आकडा हलतो,
आणि तो खाली आला की बिस्किटं येतात.
शिपाई टेमघरे बशी ठेवतो तेव्हा
त्याची नखं मला दिसतात, फुगीर, काचेच्या गोटीसारखी.
"छातीचा फोटो काढलात का कधी?"
चहा निवला म्हणून मॅडम चिडल्या,
असं वाटून तो दुसरा कप आणायला पळतो.

बैठकीत अभियंता म्हणाले,
दोन इमारतींतलं अंतर नियमात बसतं, तीन मीटर.
मी विचारलं, आणि ऊन?
ते त्यात बसतं का?
इतिवृत्तात हे आलं नाही.

फाइल चार वेळा परत आली.
एकदा विधी शाखेतून, एकदा निधी नाही म्हणून,
एकदा नुसत्याच एका प्रश्नासह,
खिडकी ही आरोग्य विभागाची बाब आहे काय?
मी लिहिलं, होय.
आयुष्यातलं माझं सर्वांत लहान प्रिस्क्रिप्शन.

तीन वर्षांनी झरोके पडले.
मागितले होते खोल्यांना, मिळाले जिन्याला.
पाच मजले, पाच झरोके.

रविवारी गेले बघायला, ऑफिसची गाडी न घेता.
चौथ्या मजल्यावर जिन्यात उजेडाचा एक तुकडा पडलेला,
त्यात कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या.
आत एक बाई उभी होती, कमरेवर लेकरू.
"तुम्ही पालिकेच्या का?
हे भोक बुजवून द्या आधी.
कबुतरं येतात यातून, सगळी घाण करतात."

जाळी, मी मनाशी टिपलं.
आणि ती बोलत होती तेवढ्यात
तिच्या दोन वाक्यांच्या मधला खोकला
नकळत मोजू लागले.
कोरडा. खालून येणारा.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कबुतरांना?" ती म्हणाली.